खडूच्या रेषांतली खुर्ची

या, आत या. दार नीट लोटून घ्या. मी उठलो नाही म्हणून राग मानू नका. कोपऱ्यातली लाकडं तेवढी इकडे सरकवा आणि एखादं शेगडीत टाका. हां, असं. आता त्या बाकावर बसा. खुर्ची नको, बाकच बरा. किटलीत कॉफी आहे, तुम्हीच ओतून घ्या. दुपारीच दिवा लावावा लागतो बघा. या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर सूर्य तोंड दाखवल्यासारखं करतो आणि जातो.

तुम्ही त्या चित्राबद्दल विचारलंत. सांगतो. पण तिकडे बघू नका अजून.

मी शहरात गेलो होतो ते थोराचे जोडे आणायला. जोडे, कोट आणि तिची राखाडी शाल. एवढंच काम होतं.

थोरा माझी मोठी बहीण. वडील समुद्रात गेले तेव्हा मी रांगत होतो. मला खरं तर तिनेच वाढवलं. शाळेतून पळून आलो की आईच्या आधी तिचा हात पाठीत बसायचा आणि मग तीच पावावर साखर घालून द्यायची. मोठी झाल्यावर ती शहरात धोबीखान्यात लागली. सोड्याने तिच्या बोटांची सालं निघायची. मग एका रविवारी ती घरी आली आणि हेरिंग मासे साफ करता करता म्हणाली, "मी धोबीखाना सोडला. आता एका चित्रकाराकडे बसते."

"बसते म्हणजे? काय करायचं असतं तिथे?" मी विचारलं.

"बसायचं."

"बस्स?"

"बस्स. हलायचं नाही. तुला जमणार नाही, इवर. तू चर्चमध्येसुद्धा पाद्र्याचं बोलणं संपेपर्यंत बूड टेकवत नाहीस."

"आणि कपडे?"

"कपडे खुंटीवर बसतात."

मी हसलो. आई हसली नाही. ती बटाटे सोलत राहिली. सगळे सोलून झाले, पाणी ओतून झालं, तेव्हा कुठे म्हणाली, "शेगडी पेटवतो ना तो?"

"पेटवतो गं आई. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त थंडी वाजते."

यावर आईने मान हलवली आणि तो विषय संपला. गावातल्या बायकांनी नाकं मुरडली, पण आईपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्या कामाचे नियम थोराने आम्हाला सांगितले होते. पहिल्या दिवशी चित्रकाराने तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पावलांभोवती, खुर्चीच्या पायांभोवती खडूने रेषा मारल्या. दुसऱ्या दिवशी पाय बरोबर त्याच रेषांत ठेवायचे. आणि तो "झालं" म्हणेपर्यंत उठायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. घरी आली की ती ह्याच खुर्चीवर बसून दाखवायची, अगदी दगडासारखी. मी "झालं" म्हणालो की मग जीभ काढायची. एकदा मी मुद्दाम म्हणालोच नाही. बाहेर जाऊन जाळं शिवत बसलो. परत आलो तर ती तशीच! डोळे तेवढे माझ्याकडे फिरवून दात आवळून म्हणाली, "म्हण ना रे गाढवा… पाय मेलाय माझा."



त्या हिवाळ्यात ती खोकत होती. आम्हाला बोलली नाही. मग एक दिवस भाजीच्या गाडीतून तिला घरी आणली, लाकडी पेटीत. बसल्या बसल्या गेली, एवढंच गाडीवानाला माहीत होतं. आईने तिला अंघोळ घातली, केस विंचरले. दफनाच्या दिवशी मी दारापासून रस्त्यापर्यंत देवदाराच्या डहाळ्या टाकल्या. पेटी उचलल्याबरोबर आईने तिच्याखालची दोन्ही स्टुलं लाथेने पाडली. ते करावंच लागतं. मेलेल्या माणसाखालचं आसन उभं राहू द्यायचं नाही, नाहीतर माणूस परत येऊन त्यावर बसतं. आणि जीव गेल्याबरोबर खिडकी उघडायची, डोळे मिटण्याच्याही आधी. आत्म्याला जायला वाट हवी असते.

दफन झालं, लोक कॉफी पिऊन गेले. आई हात पुसत माझ्यापाशी आली.

"इवर, तिथे खिडकी कुणी उघडली?"

"मला काय माहीत?"

"आणि खुर्ची? ती ज्या खुर्चीवर गेली ती कुणी पाडली का?"

मी दारातल्या डहाळ्या गोळा करू लागलो.

"ती मला दिसते रे," आई म्हणाली. "डोळे मिटले की दिसते. उघडी बसलीय आणि कान देऊन काहीतरी ऐकतेय. जा तिथे. तिचे जोडे घेऊन ये, आणि ती खुर्ची पाड. खिडकी उघड. मग ये."

म्हणून मी गेलो.

सकाळी निघालो तेव्हा बर्फ नव्हतं, नुसतं धुकं होतं. कालव्यावरच्या बोटींच्या डोलकाठ्या अर्ध्याच दिसत होत्या. ब्रोहोल्म नाव होतं चित्रकाराचं. कालव्याच्या काठच्या एका जुन्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर तो राहायचा. जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास होता. मधल्या मजल्यावर एक जाडजूड बाई बादली घेऊन पायरीवर बसली होती. मला पाहून तिने डोळे बारीक केले.

"तू तिचा भाऊ ना? नाक तेच. मी मिकेलसनबाई. तिला खाली आणली तेव्हा पायाकडून मीच धरलं होतं. चांगली होती रे पोरगी. बिचारी येता-जाता माझी बादली उचलून द्यायची."

"तिचे जोडे न्यायला आलोय."

"मग मी आणून देते. तू वर जाऊ नकोस. तो काम करतोय."

"कसलं काम?"

तिने आवाज उतरवला. "तेच. ती गेल्यापासून रोज. वर कुणी येत नाही, कुणी जात नाही. मी इथेच बसलेली असते, माझ्या नजरेतून मांजर सुटत नाही. पण दारापाशी गेलं की ऐकू येतं… 'हनुवटी थोडी वर, थोरा.' असं म्हणतो तो. अगदी मऊ आवाजात."

माझं डोकं तापट आहे. मी तिला ओलांडून वर धावलो आणि दार खांद्यानेच उघडलं.

आत टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास कोंडला होता. शेगडी लाल झाली होती. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीतून पांढरा उजेड येत होता. खिडकीच्या सगळ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, हिवाळ्यात चिकटवतात तशा. मधोमध एक साधी पिवळी खुर्ची. तिच्या पायांभोवती खडूच्या रेषा, आणि पुढे दोन पावलांच्या. खुर्चीवर कुणी नव्हतं. तिच्यासमोर ब्रश धरून ब्रोहोल्म उभा होता. म्हातारा नव्हता, पण म्हाताऱ्यासारखा वाकला होता. दाढीत रंग लागला होता.

"दार लाव," तो मागे न बघता म्हणाला. "तिला वारा लागेल."

मी दार लावलं नाही. मी चित्राकडे पाहिलं.

आधी मान खाली घातली. सख्खी बहीण आहे, कसं बघणार? मग वाटलं, आता उरलंय काय बघायला? म्हणून जवळ गेलो. जवळून काहीच नव्हतं. नुसते रंगाचे फटकारे, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. हिरवा, जांभळा, मातकट गुलाबी. कडेने निळी जाड रेघ. माणसाचं कातडं कधी हिरवं असतं का? मला राग आला. या रंगाच्या चिखलासाठी माझी बहीण मेली!

मी पाठीमागे सरकत दारापर्यंत आलो, आणि तिथेच थांबलो.

थोरा बसली होती.

पिवळ्या खुर्चीवर, हात मांडीवर, तोंड जरासं खिडकीकडे. पोटरीवर शेगडीच्या उजेडाची नारिंगी झाक. मान अशी वळलेली, जशी कुणी आपल्याला हाक मारेल म्हणून आपण वळवतो. आईला दिसली तशी, कान देऊन. आणि माझ्या आईची शपथ, तिचा खांदा वर झाला… आणि खाली आला. मी "थोरा!" म्हणून धावलो. जवळ पोचलो तर पुन्हा फटकारे. हिरवा, जांभळा. बोट लावलं, बोटाला ओला रंग आला. परत दाराशी गेलो, ती होती. पुन्हा धावलो, नव्हती.

"मीही असंच केलं," ब्रोहोल्म म्हणाला. "खूप वेळा. जवळ गेलं की ती नसते."

"काय केलंत तिचं?" मी त्याची गचांडी धरली.

त्याने सोडवून घेतली नाही. "त्या दिवशी ती फार छान बसली होती. तितकी छान कधीच बसली नव्हती. एरवी कधी मान खाजवायची, कधी तुझ्या गोष्टी सांगायची… त्या दिवशी काहीच नाही. मी म्हणालोसुद्धा, शाबास, थोरा. अख्खी पाठ, हात, सगळं त्याच दिवशी जमलं. मग उजेड गेला. 'झालं' म्हणालो आणि ब्रश धुवायला वळलो. 'झालं गं, ऊठ, कॉफी घे.' ब्रश धुऊन झाले तरी खुर्ची वाजली नाही. उठताना ती खुर्ची नेहमी वाजते…"

शेगडीत लाकूड फुटलं. आम्ही दोघंही दचकलो.

"म्हणजे तुम्ही मेलेल्या माणसाचं…"

"मला माहीत नव्हतं, पोरा."

"मग तेव्हा खिडकी का नाही उघडली?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "पट्ट्या मीच चिकटवल्या होत्या. ती खोकत होती ना. म्हटलं, तिला थंडी नको बाधायला."

"आणि 'झालं' म्हणून सांगा तिला! ती त्याचीच वाट बघतेय, कळत नाही का तुम्हाला?"

"रोज सांगतो," तो म्हणाला. "सकाळी सांगतो, दुपारी सांगतो. तेव्हा ऐकलं नाही तिने, आता कसं ऐकणार? कान गेल्यावर सांगितलं मी. म्हणून मग बसवतो. नुसती तशीच बसलीय यापेक्षा काहीतरी बोलावं तिच्याशी…"

मी आणखी ऐकलं नाही. खुर्चीला लाथ मारली. ती आदळून भिंतीपर्यंत गेली. मग खिडकीशी गेलो, कागदाच्या पट्ट्या नखांनी ओरबाडल्या, कडी उपसली आणि तावदान बाहेर ढकललं. कालव्याचं धुकं आत आलं, कोळशाचा धूर आला, खाली कुठेतरी बोटीवर कुणी शिट्टी वाजवत होतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "जा, थोरा! जा आता!"

आणि मागे वळलो.

खुर्ची मधोमध उभी होती. चारही पाय खडूच्या रेषांत.

ब्रोहोल्म जागचा हलला नव्हता. त्याने हातही पुढे केला नव्हता. "मीही पाडून बघितली होती," तो हळूच म्हणाला. "आवाज होत नाही. आपण मान वळवायची खोटी…"

मी दाराशी जाऊन चित्राकडे पाहिलं. थोरा तशीच होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चित्रात तिच्या बाजूला हीच खिडकी होती. बंद. फटींवरच्या पट्ट्यांसकट. मी इकडे हजार खिडक्या फोडल्या असत्या तरी तिच्या खोलीतली खिडकी बंदच होती.

"ती उघडा," मी म्हणालो.

"उघडीच तर आहे."

"ही नाही. ती! चित्रातली. रंग घ्या आणि उघडा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विहिरीत ढकलतोय. "नको, पोरा. तू विचार केलेला नाहीस. खिडकी उघडी केली, आणि तरी ती जर…"

"तर ती सुटेल! आईने सांगितलंय! उघडता का फाडू चित्र?"

मी खरंच फाडलं असतं. हातात त्याची रंग खरवडायची पाती घेतली होती. त्याने ते ओळखलं.

बराच वेळ त्याचा ब्रश रंगात नुसताच फिरत राहिला. मग त्याने काम सुरू केलं. उजेड झपाट्याने जात होता. त्याने चिकटवलेल्या पट्ट्या बुजवल्या. तावदानाची कड खरवडून बाहेर तिरकी काढली. मधल्या जागेत राखाडी घातला, मग निळा, मग पांढऱ्यात अगदी थोडा काळा. मी दारात उभा होतो. शेवटचा फटकारा बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत थोराच्या मानेवर केसांची एक बट उडाली.

"ती बट तुम्ही काढलीत?" मी विचारलं.

"कुठली बट?" तो म्हणाला.

मला वाटलं, निघाली. आता उठेल. वाट पाहिली. खिडकीतला उजेड विझला, चित्र काळं पडलं, आम्हाला काही दिसेना.

"घेऊन जा ते," अंधारातून ब्रोहोल्म म्हणाला. "जोडे खुंटीखाली आहेत. मी ते परत बघणार नाही."

मी चित्र थोराच्या शालीत गुंडाळलं, पाठीला बांधलं, तिचा कोट काखेत मारला आणि जोडे त्याच्या खिशांत कोंबले. पुलापाशी आमच्या बाजूचा एक भाजीवाला रिकामी गाडी घेऊन घरी निघाला होता. त्याने मला वर घेतलं.

"एवढा मोठा आरसा! लग्न ठरलं की काय रे?"

"बहीण आहे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

तो हसला. धुक्यात पान हलत नव्हतं, घोड्याच्या तोंडाची वाफ सरळ वर जात होती. वस्ती संपल्यावर त्याने कॉलर वर केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते जरा तिकडच्या बाजूला धर रे… त्यातून वारा येतोय."

घरी आलो तेव्हा आई जेवणाचं ताट झाकून बसली होती. मी चित्र ह्याच भिंतीला टेकवलं, शाल काढली. "आई, आता सुटली ती. खिडकी उघडून घेतली मी. हे बघ."

आई आधी जवळ गेली. तिला काही दिसलं नाही. "हे काय आहे?" म्हणाली. मी तिला दंडाला धरून मागे आणलं, मागे, दाराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथे ती थांबली. तिचा दंड माझ्या हातात ताठ झाला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "इवर… खिडकी का उघडी आहे?"

"ती जावी म्हणून. तूच म्हणालीस ना."

"पण ती बसलीय रे अजून. तिच्या अंगावर एक धागा नाही, आणि खिडकी उघडी आहे." तिने तोंडावर हात घेतला. "तिला थंडी वाजतेय."

मग मलाही दिसलं. खांदे आवळले होते. मांडीवरचे हात एकमेकांत गच्च धरले होते. ते तसे नव्हते! पोटरीवरची नारिंगी झाक फिकी पडली होती.

मी तसाच परत पळालो असतो, पण आईने सोडलं नाही. सकाळ व्हायच्या आतच निघालो. जिन्यात मिकेलसनबाई उभी होती, हातात बादली नव्हती.

"आता कशाला आलास?" ती म्हणाली. "गेला तो."

"कुठे गेला?"

"कुठे जाणार? खुर्चीवर बसला होता. शेगडी विझलेली, ती मोठी खिडकी सताड उघडी, कोटसुद्धा अंगात नव्हता. पावलं दोन्ही त्या खडूच्या रेषांत. तिची एवढीशी पावलं, आणि ह्याचे हे थोरले पाय… पण बसले होते रे बरोबर. तसूभर जागा कमी नाही, जास्त नाही." ती अंगावर काटा आल्यासारखी शहारली. "मी पोलिसाला म्हटलं, आता निदान ती खुर्ची तरी पाडा. तो हसला मला."

त्याच्यासारखं चित्र काढणारा दुसरा कुणी मला मिळाला नाही. एक-दोघांकडे गेलो. एकाने मला दारूड्या समजून हाकललं. दुसरा ऐकून घेऊन म्हणाला, बघू, आण इकडे. आई चित्र घराबाहेर जाऊ देईना. "बाहेर थंडी आहे," म्हणाली.

मग मीच बोटीचा पांढरा रंग आणला आणि ती खिडकी बुजवली. जाड थर दिला. दुसऱ्या दिवशी रंग जमिनीवर थारोळ्यात पडला होता आणि खिडकी स्वच्छ उघडी होती. आईने चौकटीवर राखाडी शाल टाकली. सकाळी ती शाल सुक्या माशासारखी कडक झालेली. उभी करून ठेवली तरी उभी राहील अशी. चित्र जाळायचा विचार मी एकदाच बोललो. आई म्हणाली, "तिला आत ठेवून?"

म्हणून आम्ही शेगडी चित्रासमोर आणली. समोर भरपूर जाळ असला की तिच्या पोटरीवर नारिंगी थोडा परत येतो. जाळ मंदावला की निळा चढतो, पावलांकडून वर. मी आणि आई आळीपाळीने बसायचो. मी आधी बोटीवरची कामं सोडली, मग कुंपण जाळलं, मग वडिलांची होडी. वाईट वाटलं नाही. थोरानेच रंगवलेली होती, तिच्यासाठीच जळली.

आणि "झालं" मी रोज म्हणतो. हळू म्हणून पाहिलं, ओरडून पाहिलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन पाहिलं. पण जवळ गेलं की कान कुठे असतो? तो तर एक गुलाबी ठिपका असतो.

आई परवाच्या वादळात गेली. तिचं मी सगळं नीट केलं. आधी खिडकी उघडली, मग डोळे मिटले. पेटी उचलली तशी स्टुलं पाडली. शेवटी ती माझा हात धरून म्हणत होती, "मला आधी नको रे जायला, ती तिथे भेटणार नाही मला." पण गेली. अगदी सहज गेली, पडदा जरासा हलला आणि झालं. म्हणजे आता आई तिकडे एकटी, थोरा इथे एकटी. दोघींची गाठ पडायची नाही. हे मी कुणाला सांगू? पाद्र्याला सांगितलं तर तो म्हणाला, बाळ, झोप काढ.

म्हणून मी ह्या खुर्चीवरून उठत नाही. तिच्याकडे कुणीतरी बघत राहायला हवं, शेगडीकडे कुणीतरी बघत राहायला हवं.

तुम्ही मघापासून माझ्या पायांकडे बघताय. बघा, लपवत नाही मी. बुटांभोवती त्या रेषा आहेत ना, खुर्चीच्या पायांभोवतीही आहेत. खडूच्याच आहेत. पुसून पाहिल्या, जात नाहीत. आमच्या घरात खडू नाही. कधीच नव्हता, मी शाळेत टिकलो कुठे?

आज सकाळी जाळ उतरला म्हणून मी लाकूड घ्यायला वाकलो. तेव्हा पाठीमागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "हनुवटी थोडी वर… हलू नकोस."

तो आवाज ब्रोहोल्मचा असता तर मी घाबरलो नसतो.

निघालात? बरं. जाताना तेवढं ते लाकूड शेगडीत टाका. मला वाकता येत नाही… थोराने अजून "झालं" म्हटलेलं नाही.